बाराटांगला जरूर जा, पण जारवा 'बघायला' नको

आपली मराठी माणसं अंदमानला मोठ्या ओढीने जातात, ती सेल्युलर जेलसाठी. सहलीत एक दिवस बाराटांग बेटाचाही असतो. त्या दिवसाबद्दल मला मनापासून बोलायचंय.

मध्यरात्र उलटून गेल्यावर पोर्ट ब्लेअरहून बस निघते. जिरकाटांगच्या गेटवर रांग लागते, फॉर्म भरले जातात आणि पोलिसांच्या देखरेखीखाली गाड्यांचा ताफा सुटतो. पुढचा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही, खायला काही द्यायचं नाही. आणि आमचा गाइड गेट ओलांडताच म्हणाला, "नशीब असेल तर दिसतील, बाहेर लक्ष ठेवा." सगळी बस खिडक्यांकडे झुकली. मला फार राग आला, अजून येतो. अहो, माणसं आहेत ती! २०११च्या जनगणनेत त्यांची संख्या होती ३८०. बाहेरच्यांशी संपर्क वाढला आणि १९९९मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. राखीव भागातला हा रस्ता बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्येच सांगितलं होतं. २०१२मध्ये जारवा स्त्रियांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याचा व्हिडिओ जगभर गेला, तरी पर्यटकांच्या गाड्या धावतातच आहेत.

खरं तर पाहण्यासारखं सगळं पुढेच आहे. मिडल स्ट्रेटला फेरीबोटीतून खाडी ओलांडली की छोट्या स्पीडबोटी मिळतात. थोड्या वेळाने बोट अरुंद खाडीत शिरते आणि दोन्हीकडची तिवरं डोक्यावर येऊन मिळतात. कोकणात वाढलेल्यालाही एवढी उंच, एवढी दाट तिवरं नवीनच. नायाडेराच्या धक्क्यावर उतरून, शेतं आणि जंगल ओलांडत चुनखडीच्या गुहेपर्यंत चालायचं. तिथला स्थानिक वाटाड्या छतावरून लोंबणाऱ्या सुळक्यांवर बॅटरी धरून सांगत होता, की पाण्याच्या थेंबातला चुना साठत साठत हे वाढतात, हात लावू नका, हाताच्या तेलकटपणाने काळे पडतात. शांतपणे, प्रेमाने सांगत होता. गाइड असावा तर असा.

बाराटांग हे बेट आहे, पर्यटकांना तिथे समुद्रातूनच न्यावं. वेळ लागेल, थोडे पैसे जास्त पडतील, मला चालेल. याच रस्त्याने पुढे असलेल्या रंगत, मायाबंदरच्या लोकांची दवाखान्याची, सामानाची गरज वेगळी आहे, तिची तुलना आपल्या सहलीशी होऊच शकत नाही. तोवर निदान एवढं करा: बुकिंगच्या वेळी एजंट "जारवा दिसतील" म्हणाला, तर त्याच्याकडे पैसे भरू नका, आणि का भरत नाही तेही त्याला स्पष्ट सांगा.