सोन्याचं ‘एटीएम’: फिरत्या संदेशातला एकेक दावा तपासून

पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी जवळ आली की घरोघरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आणि त्याखालचा मजकूर फिरू लागतो. शब्द बदलतात, गाभा तोच राहतो. सोन्याचं एटीएम आलंय. जुना दागिना मशीनमध्ये टाका, अर्ध्या तासात पैसे खात्यात. त्याच मशीनमधून बाजारभावाने, मजुरी आणि जीएसटीशिवाय, सरकारी हॉलमार्कचं २४ कॅरेट नाणं काढा. पॅन नको, कागदपत्रं नकोत. ही नाणी पुढे संग्राहक दुप्पट किमतीला घेतील. आता सराफाची गरज नाही.

नाणी देणारी यंत्रं खरोखर आहेत आणि त्यातून चोख सोनं मिळूही शकतं, एवढं यात बरोबर आहे. यंत्र म्हणजे दुकानदार समोर नसलेलं दुकान. पेढीवर नाणं घेताना जो खर्च येतो आणि जी काळजी घ्यावी लागते, ती इथेही तशीच लागू होते. या संदेशावर विसंबून कुणी आजीची बोरमाळ मोडायला काढू नये, म्हणून एकेक दावा पाहू.

“जुना दागिना टाका, त्याच मशीनमधून नाणं काढा”

इथे दोन वेगवेगळी यंत्रं एकत्र केली आहेत. व्हिडिओतलं यंत्र शांघायच्या एका मॉलमधलं, किंगहूड या चिनी कंपनीचं आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये ते आपल्याकडे गाजलं. ते सोनं विकत घेतं. किमान ३ ग्रॅम वजन आणि किमान ५० टक्के शुद्धता लागते. वजन झालं की सोनं सुमारे १२०० अंश सेल्सिअसला वितळवून शुद्धता काढली जाते, त्या वेळच्या भावाने रक्कम ठरते आणि सेवाशुल्क वजा करून पैसे बँक खात्यात जातात.

भारतात ज्याची बातमी झाली ते यंत्र हैदराबादच्या बेगमपेठ भागातलं. गोल्डसिक्का या कंपनीने ते २०२२ च्या डिसेंबरमध्ये सुरू केलं. अर्ध्या ग्रॅमपासून १०० ग्रॅमपर्यंतची नाणी विकण्यासाठी ते होतं, जुना दागिना घेण्यासाठी नव्हे. त्याआधी एका जर्मन कंपनीने २००९ मध्ये फ्रँकफर्ट विमानतळावर चाचणी घेऊन २०१० मध्ये अबू धाबीच्या एमिरेट्स पॅलेस हॉटेलात असंच विक्रीचं यंत्र बसवलं. त्यातला भाव दर दहा मिनिटांनी बदलायचा.

विकणं सोपं आहे, परत घेणं अवघड. परत घ्यायचं तर समोरचं सोनं आतपर्यंत सोनंच आहे याची खात्री लागते. पेढीवरचं क्ष-किरण यंत्र पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाचतं, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. वजन आणि आकारमानाची परीक्षाही फसू शकते, कारण सोन्याची घनता १९.३ आणि टंगस्टनची १९.२५ आहे. माणसाविना खात्री करायची तर वितळवणं हाच पक्का मार्ग, आणि वितळल्यावर मूळ वस्तू परत मिळत नाही.

आपल्या दागिन्यांच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. बोरमाळेचे मणी पातळ पत्र्याचे, आत लाख भरलेली. पारंपरिक घडणीच्या कित्येक दागिन्यांत लाख, मेण, मोती, खडे असतात. तापल्यावर लाख जळते, मोती जातात, डागाच्या, म्हणजे सांधायला वापरलेल्या, धातूने कस उतरतो. वर तराजूत दिसलेलं वजन आणि खाली मुशीत उरलेलं वजन यांत मोठी तफावत पडते. ओळखीचा सराफ आधी मणी फोडून लाख काढतो, निव्वळ वजन दाखवतो आणि मग विचारतो की मोडायचं का. तिथे नकार देता येतो.

“बाजारभाव, मजुरी नाही, जीएसटी नाही”

सोन्याच्या नाण्यावर ३ टक्के जीएसटी आहे. यंत्रातून घ्या, पेढीवरून घ्या, बँकेतून घ्या, तो भरावाच लागतो. पडद्यावर वेगळा दिसला नाही तर तो किमतीतच धरलेला असतो. दागिन्यासारखी मजुरी नाण्याला नसते हे खरं. पण पाडण्याचा, सीलबंद कार्डाचा, वाहतुकीचा, विम्याचा आणि यंत्राच्या जागेच्या भाड्याचा खर्च असतो. तो सहसा दरात मिसळलेला असतो. नाणं जितकं लहान, तितका दर ग्रॅममागे हा बोजा जास्त.

हिशेब सोपा जावा म्हणून भाव १० ग्रॅमला १,००,००० रुपये धरू. १ ग्रॅमच्या नाण्यावर ५ टक्के अधिमूल्य, म्हणजे वरचा हा सगळा जादा खर्च, धरलं तर १०,५०० रुपये होतात. त्यावर ३ टक्के कर ३१५, म्हणजे हातात नाणं येतं १०,८१५ रुपयांना. दुसऱ्याच दिवशी मोडायला गेलात आणि सराफाने २ टक्के वजावट केली, तर ९,८०० मिळतात. १,०१५ रुपये गेले. घातलेले पैसे नुसते परत यायला भाव साधारण १०.४ टक्के वाढावा लागतो. १० ग्रॅमच्या नाण्यावर अधिमूल्य दीड टक्का धरलं, तर किंमत १,०४,५४५ होते आणि बरोबरीसाठी ६.७ टक्के वाढ पुरते. अधिमूल्य आणि वजावट जागोजागी वेगळी असते. आपल्या समोरचे आकडे या हिशेबात घालून पाहावेत.

पडद्यावरचा भाव ताडायला इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचा ९९९ चा, म्हणजे हजारात ९९९ भाग शुद्ध सोन्याचा, दर पाहावा. तो जीएसटी वगळून असतो, म्हणून तुलना करताना दोन्हीकडे कर धरा किंवा दोन्हीकडे वगळा. कार्डावर ९९९ आहे की ९९५ हेही वाचा. दोन्ही २४ कॅरेट म्हणूनच विकली जातात, आणि १० ग्रॅममागे ०.०४ ग्रॅम सोन्याचा फरक पडतो.

दर महिन्याला अर्धा ग्रॅम घेऊन साठवण्याचा सल्ला संदेशात असतो. तो सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे. पाडव्याला पूजेपुरतं एक नाणं घ्यायचं असेल तर जरूर घ्यावं, त्यात हिशेब पाहायचा नसतो. गुंतवणूक करायची असेल तर पैसे साठवून एकदम १० ग्रॅमचं नाणं किंवा पेढीवरची वेढणी घ्यावी, नाहीतर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारी सोन्याची युनिटं. ईटीएफच्या युनिटवर हा ३ टक्के जीएसटी लागत नाही.

“सरकारी हॉलमार्क, बँकेच्या एटीएमसारखं सुरक्षित”

हॉलमार्कच्या सक्तीचा आदेश दागिने आणि कलावस्तूंसाठी आहे. नाणं, बिस्किट, पट्टी अशा रूपातलं सोनं त्यातून वगळलं होतं. म्हणून नाण्यावर सहा अक्षरी एचयूआयडी (हॉलमार्कचा ओळख क्रमांक) नसणं म्हणजे लबाडी नव्हे, तसंच नुसतं ‘२४ कॅरेट’ छापलेलं असणं ही खात्रीही नव्हे. शुद्धता कोणत्या टाकसाळीने किंवा रिफायनरीने प्रमाणित केली, तिचं नाव कार्डावर हवं. वजन, शुद्धतेचा आकडा आणि अनुक्रमांक हवा. नाण्यावर अनुक्रमांक असेल तर तो कार्डावरच्या क्रमांकाशी जुळायला हवा. कार्डाचं सील फोडू नये. फोडलेल्या नाण्याची सराफ पुन्हा परीक्षा करतो आणि बरेचदा वजावट वाढवतो.

यंत्राला एटीएम म्हणतात, पण ते बँकेचं नसतं. बँकेच्या एटीएममध्ये पैसे अडकले तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम परत यावी लागते आणि उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. नाणं अडकलं तर तो नियम लागू होत नाही. यूपीआयचे पैसे कापले गेले आणि विक्रेत्यापर्यंत पुष्टी पोहोचलीच नाही, तर ते आपोआप परत येण्याची तरतूद आहे. पुष्टी पोहोचली आणि नाणं पडलं नाही, तर बँकेच्या लेखी व्यवहार पूर्ण झाला. तिथून पुढचं भांडण विक्रेत्याशी.

असं का होतं, तेही सांगतो. बहुतेक विक्रीयंत्रांत माल स्प्रिंगसारख्या वळणांत उभा असतो. मोटर स्प्रिंगचा एक फेरा करते आणि पुढचं पाकीट खाली पडतं. १ ग्रॅमच्या नाण्याचं कार्ड हलकं आणि पातळ. ते वळणात तिरकं होतं, दोन कार्डं एकमेकांना चिकटतात किंवा काचेला टेकून राहतात. खाली अवरक्त किरणांचा सेन्सर असेल तर यंत्राला कळतं की काही पडलं नाही. सेन्सर नसेल तर मोटरचा फेरा पूर्ण झाला हाच पुरावा धरून यंत्र ‘माल दिला’ अशी नोंद करतं.

अडकलं तर यंत्र हलवू नका, त्यावर मारू नका. कार्ड नंतर पडून पुढच्या माणसाच्या हाती जातं. पडदा, अडकलेलं कार्ड आणि यंत्राचा क्रमांक वेळेसह फोटोत घ्या. यूपीआयचा १२ अंकी संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. यंत्रावरच्या क्रमांकावर तिथूनच फोन करून तक्रार क्रमांक मागा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे भरण्याआधीच यंत्रावर विक्रेत्याचं नाव, जीएसटी क्रमांक आणि फोन आहे का ते पाहावं. तिन्हींपैकी एक नसेल तर पैसे भरू नयेत.

बिलावर वजन, शुद्धता, दर आणि कर वेगवेगळे हवेत. यंत्रातून येणारी पावती थर्मल कागदाची असेल तर तिची अक्षरं काही महिन्यांत उडतात. त्याच दिवशी झेरॉक्स काढा. पुढे विकताना नफ्यावरचा कर मोजायला खरेदीची तारीख आणि किंमत लागते. २४ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या सोन्याच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे.

“पॅन लागत नाही”

एका व्यवहारात दोन लाखांवर खरेदी झाली की पॅन द्यावा लागतो. यंत्र असो वा पेढी, नियम एकच. कार्ड किंवा यूपीआयने पैसे दिले की बँकेत नोंद राहतेच.

“कधीही, कुठेही परत विकता येतं”

बँका सोन्याची नाणी विकतात, पण परत विकत घेत नाहीत. बरेच सराफ स्वतःच्या पेढीच्या नाण्याला पूर्ण मोडीचा भाव देतात आणि बाहेरच्या नाण्यातून घट कापतात. तारण ठेवायचं म्हटलं तरी मर्यादा आहे: नाण्यांवर एका कर्जदाराला ५० ग्रॅमपर्यंतच कर्ज मिळतं, बिस्किटावर मिळत नाही.

“संग्राहक दुप्पट देतील”

यंत्रातलं लक्ष्मीचं किंवा गणपतीचं नाणं कायद्याने चलन नाही. ते नाण्याच्या आकाराचं सोनं आहे, हवं तितकं पाडता येतं, म्हणून त्याला सोन्यापलीकडे किंमत येत नाही. संग्राहक जी स्मारक नाणी घेतात ती सरकारी टाकसाळ पाडते. त्यांवर मूल्य आणि वर्ष असतं, आणि मुंबई टाकसाळीच्या नाण्यावर वर्षाखाली सहसा हिऱ्याच्या आकाराची खूण असते. तिथेही धातूची किंमत वेगळी आणि संग्रहाची वेगळी. नव्या संसद भवनाचं २०२३ चं ७५ रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं, ४४ मिलिमीटर व्यासाचं आहे. त्यात चांदी निम्मीच, म्हणजे साडेसतरा ग्रॅम. उरलेलं ४० टक्के तांबं आणि ५-५ टक्के निकेल व जस्त. मोडीत त्याला त्या साडेसतरा ग्रॅमचाही पूर्ण भाव मिळेलच असं नाही, कारण मिश्रधातूतून चांदी वेगळी काढायला खर्च येतो.

यंत्रातून नाणं घ्यायचंच असेल तर पैसे भरण्याआधी आपल्या सराफाला फोन करून त्या कंपनीचं नाव सांगा आणि सीलबंद नाण्याला मोडीचा काय भाव देणार ते विचारा. येणारा आकडा वरच्या हिशेबात ९,८०० च्या जागी घाला.