पाच स्वर आणि अर्धी दाढी

रविवारी सांगलीत हरभट रोडजवळच्या सलूनमध्ये माझा नंबर तिसरा होता, तेवढ्यात लेकीचा फोन. पाचवीचा गृहपाठ: ए, ई, आय, ओ, यू याच क्रमाने येतील असा इंग्रजी शब्द शोधा. मी इंग्रजी घेऊन बीए. "थांब, सांगतो," म्हणालो आणि फसलो.

फसलो, कारण अक्षरं मोठ्याने पुटपुटलो. खुर्चीत हळदीचे एक अडते बसलेले. निम्मी दाढी झालेली, निम्म्या गालावर फेस. त्यांनी हात वर करून वस्तरा थांबवला.

"एज्युकेशन!"

"काका, पाचही आहेत, पण क्रम चुकतोय. ए तिसरा येतो."

"अवो, हजेरी लागली न्हवं पाचांची? मग रांगेत कशाला उभं करताय? रेशनचं दुकान हाय का ते?"

सगळं सलून हसलं. कारागीरसुद्धा, वस्तरा हातात धरून.

"बरं, मग बिहेवियर घ्या."

मी बोटं मोजली. ई, ए, आय, ओ, यू. फक्त पहिले दोघे उलटे! खरं सांगतो, जिव्हारी लागलं. इतक्या जवळचा शब्द मला सुचला नव्हता. म्हणून मी खुसपट काढलं, "अमेरिकेत त्यात यू लिहीत नाहीत."

"नसंनात का! इंग्रजांचा आयर्विनसायेब 1929 ला कृष्णेवर पूल ठेवून गेला, तसा यू बी ठेवून गेला. पूल पाडला का आपण?"

फेस वाळून खपल्या धरायला लागला, पण काका हलेनात. 2019 च्या पुरात त्याच पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हाही हा माणूस असाच निवांत बसला असणार. या वादात मी दोनदा पाणी प्यायला उठलो, तेवढ्यात माझा नंबर कुणीतरी मारला. वर फोनवरून लेक म्हणाली, "राहू दे बाबा, आईला विचारते."

रात्री भडंगाची दुसरी वाटी पुढ्यात घेऊन डिक्शनरी चाळली. ॲबस्टीमियस सापडला: खाण्यापिण्यात हात आखडून असणारा. वाटी जरा बाजूला सरकवली. मग फसीशस: नको तिथे विनोद करणारा. आता हे शब्द दहा वर्षांच्या पोरीनं कुठे वापरायचे, डब्यात? आपल्या मराठीत स्वर व्यंजनांच्या डोक्यावर, पायाशी गुमान बसतात, कुणी त्यांची परेड घेत नाही. इथे गृहपाठ पोरीचा, जागरण बापाचं, आणि फीसुद्धा बापाचीच. ती भरायला मात्र आईला विचारत नाहीत.

काल वही परत आली. माझ्या दोन्ही शब्दांपुढे लाल प्रश्नचिन्ह. खाली बाईंच्या सुबक अक्षरात बरोबर उत्तर: एज्युकेशन.

आज केस कापायला निघालो होतो. सलूनच्या काचेतून खुर्चीतले काका दिसले. तसाच माघारी आलो.