विटकरी म्हणजे कंचा?

लातुरात बारा मजली टॉवरमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा काळजी होती ती हप्ते, पार्किंग आणि बोअरच्या पाण्याची. पण दर्शनी विटांचा आणि खिडक्यांचा रंग "सभासदांच्या पसंतीनं ठरवू" असं बिल्डर म्हणाला आणि झोप उडाली. फुकट मिळालेलं मत आमच्याकडं कुणी वाया घालवत नाही.

बैठकीत टेबलावर सहा नमुने मांडलेले. विटा कसल्या, अर्ध्या इंचाच्या टाइल्स! आत आरसीसी आणि पांढरे एएसी ब्लॉक, वरून विटेचं सोंग. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, तेरला, त्रिविक्रमाचं देऊळ खऱ्या विटांचं आहे. हजार वर्षांहून जास्त काळ उभं आहे, तेही बहुतेक बैठक न घेता. वडलांनी एक टाइल उचलली, कानाशी धरून टिचकी मारली आणि विचारलं, "भाजलेली हाय का नुसती रंगवलेली?" 30 सप्टेंबर 1993 ची, किल्लारीच्या भूकंपाची पहाट पाहिलेली माणसं आधी भिंत वाजवतात, मग रंग बघतात. बिल्डरनं घाईघाईनं चहा मागवला.

"विटकरीच घ्या" यावर एकमत झालं. पंचाईत अशी की सहाही नमुने विटकरीच होते. कुणाला काथाच्या जवळचा हवा, कुणाला भट्टीतून नुकत्याच निघालेल्या विटेचा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "सांडगा तळल्यावर होतो ना, तसा." कुणीतरी शंका काढली, ट्यूबलाइटखाली रंग खरा दिसत नाही. मग भर मे महिन्यात, 42 अंशांत, आम्ही वीसेक जण टाइल्स हातात धरून रस्त्यावर. एक हातगाडीवाला थांबला. "कशाच्या फरश्या इकायलाव ओ?"

खिडक्यांचं प्रकरण त्याहून अवघड. पावडर कोटिंगच्या, म्हणजे फ्रेमच्या रंगांच्या कार्डावर नावं नाहीत, आकडे. 7016 म्हणजे राखाडी, 8017 म्हणजे चॉकलेटी. लातूर पॅटर्नची माणसं आम्ही. दोन दिवसांत कार्ड तोंडपाठ. गंजगोलाईत भाजी घेताना ओळखीचे गाठून विचारायचे, "तुम्ही सात हजारवाले का आठ हजारवाले?" पगार विचारतायत असं वाटून बायको दचकायची. गडद फ्रेम उन्हात तापते, हे मी दोनदा सांगून पाहिलं. दोन्ही पक्षांनी मला गद्दार ठरवलं.

या सगळ्या गदारोळात आई प्रत्येक बैठकीत एकच विचारायची, "आन् कूलर कुठं बसवायचा?" आर्किटेक्ट हसून म्हणायचा, "आजी, एलिव्हेशन बिघडेल."

शेवटी 7016 एका मतानं जिंकला. ते मत देणारे गृहस्थ पार्किंगसाठी हात वर करत होते, असं नंतर कळलं.

एप्रिलात राहायला आलो. आठवड्याभरात मिस्त्री बोलावला, राखाडी खिडकीचं एक शटर काढलं, बाहेर लोखंडी अँगल ठोकून कूलर टांगला आणि उरलेल्या फटीत प्लायवूड बसवलं.

"ह्याला कंचा रंग देऊ?" मिस्त्रीनं विचारलं.

"घरात उरलाय तो दे," आई म्हणाली.

उरला होता जुन्या घराच्या गेटचा हिरवा. आमचा मजला आता चौकातूनच ओळखू येतो. परवा 8017 चे पुढारी वर आले. वाटलं, भांडायला आले. कूलरच्या वाऱ्यापुढं पाच मिनिटं गप्प बसले आणि हळूच म्हणाले, "डबा शिल्लक हाय का त्यातला?"