डोक्यावर बर्फ ठेवल्याने मेंदू थंड होत नाही

गेल्या आठवड्यात द्वारका चौकाजवळ दुचाकी घसरून माझ्या मावसभावाच्या डोक्याला गंभीर मार लागला आणि तिसऱ्या दिवशी सिन्नरचे मामा थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घेऊन अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभे राहिले. नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या एका संदेशावर त्यांचा पूर्ण भरवसा होता. मेंदूला मार लागलेल्या रुग्णाच्या डोक्यावर बर्फ ठेवल्यास सूज उतरते, परदेशात शरीर थंड करूनच असे रुग्ण वाचवतात, ताप हा शरीराचा स्वतःचा उपचार असल्याने पॅरासिटामॉल देऊ नये आणि तापलेल्या रुग्णावर पांघरूण घालणारे रुग्णालय हलगर्जी समजावे, असे त्यात लिहिले आहे. अकरा वर्षे याच विभागात परिचारिका म्हणून काम केल्यामुळे हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही.

बर्फाचा दावा सर्वांत घातक आहे. मोठ्या माणसाच्या मेंदूतून मिनिटाला साधारण पाऊण लिटर कोमट रक्त वाहत असते, त्यामुळे कपाळावरच्या पिशवीने कातडी गारठते, पण आतला मेंदू मात्र जवळजवळ तसाच राहतो. त्यातही सूज फार असल्यास शल्यविशारद कवटीचा एक तुकडा काढून ठेवतात आणि त्या बाजूच्या पट्टीवर ठळक अक्षरांत ‘नो बोन’ लिहितात. माझ्या भावाच्या उजव्या कानाच्या वर हेच दोन शब्द लिहिलेले आहेत. तिथे मेंदू आणि बर्फाची पिशवी यांच्यामध्ये हाडच नाही, तेव्हा तिथे वजन ठेवणे म्हणजे थेट मेंदू दाबणे होय. मामा पिशवी नेमकी तिथेच ठेवणार होते, कारण सूज तिथेच दिसत होती.

परदेशाच्या दाव्यात अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करते. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या रुग्णांना 32 ते 34 अंश सेल्सिअसपर्यंत थंड करण्याने लाभ झाल्याचे दोन अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाले होते. परंतु तो आजार वेगळा, आणि 2021 च्या मोठ्या चाचणीत तिथेही 33 अंशांचा वेगळा फायदा दिसला नाही. डोक्याच्या दुखापतीबाबत 2015 मध्ये प्रसिद्ध झालेली युरोथर्म ही चाचणी पुरेशी बोलकी आहे. कवटीच्या आतला दाब वाढलेल्या 387 रुग्णांपैकी ज्यांना 32 ते 35 अंशांवर आणले, त्यांच्यातील 26 टक्केच सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण 37 टक्के होते. अपाय होत असल्याच्या शंकेने चाचणीत नवे रुग्ण घेणे मुदतीआधीच थांबवावे लागले.

ताप उपकारक असतो हे साध्या सर्दी-पडशात एक वेळ चालेल, पण दुखावलेल्या मेंदूची ऑक्सिजनची गरज तापाने वाढते आणि आतला दाबही वाढू शकतो. म्हणून तापमान साधारण 36 ते 37.5 अंशांदरम्यान ठेवण्याचा प्रयत्न असतो. पॅरासिटामॉल त्यासाठीच असते आणि त्यासोबत न्यूमोनिया किंवा लघवीतील संसर्ग यांचा शोधही घेतला जातो.

राहिला पांघरुणाचा आक्षेप, ज्याचा मला सर्वाधिक राग आला. ताप उतरवण्यासाठी रुग्णाचे धड थंड करताना त्याला हुडहुडी भरली तर स्नायू उष्णता निर्माण करतात, ऑक्सिजन भराभर खर्च होतो आणि केलेले सर्व फुकट जाते. हातपाय उबदार ठेवल्यास मेंदूकडे गारठ्याची सूचना कमी पोहोचते, म्हणून परिचारिका छाती उघडी ठेवून तळहात-तळपाय गुंडाळते. काचेतून पाहणाऱ्याला तो हलगर्जीपणा वाटतो. भेटीच्या वेळी रुग्णाची हनुवटी किंवा मान बारीक थरथरताना दिसली, तर पांघरूण ओढून न काढता ताबडतोब परिचारिकेला हाक मारावी.