बेंच प्रेसचा आकडा वाढला, म्हणजे खेळाडू तयार झाला?

अमेरिकेत कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचा वसंतातला सराव जवळ आला की एक पोस्ट हमखास फिरते. अमुक लाइनबॅकरने (बचावफळीतला खेळाडू) आठ आठवड्यांत 6 किलो स्नायू कमावले, स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन मारलेली बैठक) 600 पौंडांवर नेला, 40 यार्डांची धाव 4.6 वरून 4.4 सेकंदांवर आणली, आणि पोरं ओकेपर्यंत पळतायत. म्हणजे स्ट्रेंथ कोच, ताकद वाढवून घेणारा प्रशिक्षक, भारी. हा दावा एकेक करून तपासू.

आधी वजन. स्नायू किती, पाणी किती, जेवण किती, हे काटा सांगत नाही. क्रिएटिन (व्यायाम करणारे घेतात ते पूरक) सुरू केलं की पहिल्या आठवड्यातच किलोभर पाणी साठू शकतं. सकाळी, उपाशीपोटी, त्याच काट्यावरचं वजन धरा आणि शेजारी उभ्या उडीची उंची लिहा. उडी आणि वजनावरून उडीतली शक्ती वॉटमध्ये काढणाऱ्या सेयर्सच्या समीकरणात उडीच्या दर सेंटिमीटरला 60.7 वॉट आणि वजनाच्या दर किलोला 45.3 वॉट मिळतात. 6 किलो वाढले, 272 वॉट जमा. उडी 5 सेंमीने घटली, 303 वजा. एवढं खाऊन-उचलून गडी तीसेक वॉट तोट्यात!

स्क्वॉटचा व्हिडिओ बाजूने बघा. जांघेची घडी गुडघ्याच्या वरच्या कडेखाली गेली का? पुष्कळदा ‘विक्रम’ चार बोटं वरच थांबलेला असतो. 225 पौंडांच्या बेंच प्रेसचे (उताणं झोपून वजन छातीवरून वर ढकलणं) 15 चे 20 रेप, म्हणजे सलग उचल, झाले, तर त्यात दम वाढला. कमाल ताकद किती वाढली, हे त्यावरून नीट कळत नाही.

हाताने दाबलेलं स्टॉपवॉच इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा साधारण 0.2 सेकंद कमी दाखवतं. म्हणजे घड्याळ बदललं तरी 4.6 चे 4.4 होतात. पहिल्या 10 यार्डांची वेळ मागा, त्याच यंत्रावरची.

राहिलं ओकणं. हा मापदंड सगळ्यात वाईट, आणि घातकही. मे 2018 मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा एक लाइनमन (पुढच्या फळीतला खेळाडू) 110 यार्डांच्या स्प्रिंट मारताना उष्माघाताने कोसळला आणि पंधरा दिवसांनी दगावला. शिवाय सामन्यात एक प्ले, म्हणजे चेंडू खेळात असतानाची एक चाल, जेमतेम पाच-सहा सेकंद चालतो, मग अर्ध्या मिनिटाच्या आसपास विश्रांती. चाचणीही तशीच हवी: 20 यार्डांच्या 10 धावा, मधे 30 सेकंद. पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन धावांच्या सरासरीत किती फरक पडला, तो लिहा. जानेवारीत 8 टक्के घसरण होती आणि मार्चमध्ये, पहिल्या धावा मंदावल्या नसताना, 4 झाली, तर कंडिशनिंग, म्हणजे पुन्हापुन्हा पळण्याचा दम, सुधारलं. पहिल्याच धावा हळू मारून घसरण कमी दाखवणारे महाभागही असतात; म्हणून दोन्ही आकडे बघायचे.