‘एका व्हर्च्युअल मशीनची मेमरी दुसरीला दिसूच शकत नाही’ या दाव्याचा प्रतिवाद

क्लाउडविषयी एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो: व्हर्च्युअल मशीनची (एका भौतिक संगणकावर चालणाऱ्या अनेक आभासी संगणकांपैकी एकाची) मेमरी खुद्द प्रोसेसरच वेगळी राखतो, हायपरव्हायझरचा (ही मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) कोड लहान आणि कसून तपासलेला असतो, तरीही सापडलेल्या त्रुटी प्रयोगशाळेपुरत्याच राहतात आणि मेमरी एन्क्रिप्ट केली की उरलीसुरली चिंताही मिटते. एकच ऑपरेटिंग सिस्टिम वाटून घेणाऱ्या कंटेनरपेक्षा हे विलगीकरण भक्कम असते, एवढे यात खरे आहे.

प्रोसेसरचा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून तो आधी घेऊ. व्हर्च्युअल मशीनने वापरलेला पत्ता दोन टप्प्यांत बदलला जातो: आधी तिच्या स्वतःच्या पेज टेबलमधून (कोणता पत्ता मेमरीत कुठे आहे हे सांगणाऱ्या तक्त्यातून) आणि मग हायपरव्हायझरच्या ताब्यातील तक्त्यातून. ऑगस्ट २०१८ मध्ये जाहीर झालेल्या ‘एल१ टर्मिनल फॉल्ट’ या त्रुटीमुळे उघड झाले, की पहिल्या तक्त्यातील नोंदीवर ‘हजर नाही’ अशी खूण असल्यास इंटेलचे अनेक प्रोसेसर अटकळीने (तपासणीच्या निकालाची वाट न पाहता) पुढचे काम करताना दुसरा टप्पा गाळतात आणि नोंदीतला पत्ता थेट भौतिक मेमरीचा मानतात. तिथला डेटा त्या क्षणी एल१ कॅशेमध्ये (प्रोसेसरमधील लहान, वेगवान मेमरीत) असेल, तर तो दुसऱ्या ग्राहकाचा असला तरी कॅशेच्या वेळा मोजून ओळखता येतो. आणि पहिला तक्ता हल्लेखोराच्याच हाती असल्याने पत्ताही तोच निवडतो. व्हर्च्युअल मशीनकडे ताबा देण्यापूर्वी एल१ रिकामी करणे हा उपायही अपुरा पडला, कारण हायपरथ्रेडिंगमध्ये प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावरील दोन थ्रेड (कामाचे प्रवाह) एकाच वेळी तीच कॅशे वापरतात.

कोड लहान असल्याने चूक लपत नाही, या म्हणण्याला झेन या हायपरव्हायझरचा इतिहास दुजोरा देत नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये जाहीर झालेल्या ‘एक्सएसए-१४८’ या त्रुटीत दुसऱ्या पातळीच्या पेज टेबलची (वरचा दुसरा टप्पा नव्हे, तर मशीनच्या स्वतःच्या पेज टेबलचा एक स्तर) तपासणी विशिष्ट परिस्थितीत वगळली जात होती, त्यामुळे पॅराव्हर्च्युअल पद्धतीने (हायपरव्हायझरशी जुळवून घेत) चालणारे मशीन सुपरपेजच्या (मेमरीच्या एरवीपेक्षा मोठ्या तुकड्याच्या) वाटेने परक्या मेमरीत लिहू शकत होते. ही चूक २००९ च्या ३.४ आवृत्तीपासून होती, म्हणजे कोड सर्वांना खुला असूनही ती सहा वर्षांहून अधिक काळ टिकली.

‘प्रयोगशाळेपुरत्या’ हा शब्द तर मार्च २०२५ नंतर वापरूच नये. व्हीएमवेअर ईएसएक्सआय या हायपरव्हायझरमधील तीन त्रुटींचे पॅच प्रसिद्ध करताना त्यांचा प्रत्यक्ष गैरवापर झाल्याचे संकेत असल्याचे व्हीएमवेअरची मालक कंपनी ब्रॉडकॉमनेच नमूद केले. हल्लेखोराकडे आधी व्हर्च्युअल मशीनमधील अॅडमिनचे अधिकार असावे लागतात, ही अट खरी आहे. पण भाड्याने घेतलेल्या मशीनवर ते अधिकार भाडेकरूकडेच असतात.

राहिला एन्क्रिप्शनचा मुद्दा. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीच्या एसईव्ही या मेमरी-एन्क्रिप्शन तंत्राच्या सुरुवातीच्या पिढीत मेमरी एन्क्रिप्ट होत होती, परंतु कोणते पान (मेमरीचा ठरावीक तुकडा) कुठे जोडायचे हे हायपरव्हायझरच ठरवत असे. २०१८ च्या ‘सेव्हर्ड’ हल्ल्यात त्याने पानांची अदलाबदल केली आणि मशीनमधील वेब सर्व्हरनेच, काहीही संशय न येता, गुप्त मजकूर उलगडून बाहेर पाठवला. पानाची मालकी हार्डवेअरकडून पडताळणारी एसईव्ही-एसएनपी ही पिढी त्यानंतर आली. त्यामुळे ‘मेमरी एन्क्रिप्टेड आहे’ असे सेवादाता सांगेल तेव्हा कोणती पिढी, हे विचारून घ्यावे.