दोन टोल्यांसाठी किमान मर्यादा

चर्चच्या मंडळीत अर्पण कसं गोळा करायचं हे नव्याने ठरवण्याचं काम तुमच्या कमिटीकडे आलं असेल, तर देणाऱ्यांना मुळीच विचारू नका. त्यांनी द्यायचं, ठरवायचं आपण. कमिटीत लगेच दोन तट पाडा. एक तट म्हणेल, थैली फिरली नाही तर ती उपासना कसली? दुसरा म्हणेल, हल्ली खिशात रोकड ठेवतो कोण? हे भांडण पेटतं ठेवायची जबाबदारी तुमची. चुकून एखाद्याने “दोन्ही ठेवू या की” म्हटलं, तर बैठक चहाआधीच आटपेल आणि मग कमिटी हवी कशाला, हा प्रश्न लोक विचारू लागतील.

तुम्ही थैली-पेटीच्या बाजूचे असाल तर परंपरेवर बोला. फक्त बायबलमधल्या ‘२ राजे’ या पुस्तकाचा १२ वा अध्याय कोणाला उघडू देऊ नका, कारण तिथे पेटी हीच नवी टूम आहे. मंदिराच्या डागडुजीचा पैसा याजकांच्या हाती जात होता आणि योवाश राजाचं २३ वं वर्ष उजाडलं तरी डागडुजीचा पत्ता नव्हता. मग यहोयादा याजकाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडलं आणि ती वेदीजवळ ठेवली. पेटी भरत आली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे मिळून पैसे मोजत. आपली पुरातन, पूज्य दानपेटी अशी हिशेबाच्या घोळातून जन्मली. “आमच्या आजोबांच्या वेळी असलं काही नव्हतं” असं तेव्हाही कोणीतरी कुरकुरलंच असेल, आणि तो गृहस्थ नक्की एखाद्या कमिटीवर असणार.

दोघांनी मोजण्याची ती जुनी पद्धत मात्र पुन्हा आणू नका. दोन माणसं समोरासमोर बसून मोजणार, आकडा लिहून दोघं सही करणार, म्हणजे एकमेकांवर विश्वास नाही असंच झालं ना? थैली एकाच्या हातात द्या आणि ती रात्रभर त्याच्या घरी राहू द्या. येशूच्या शिष्यांतही थैली एकाकडेच असे. ती यहूदाकडे होती आणि तो तिच्यातलं चोरायचा, हे योहानाच्या १२ व्या अध्यायात आहे. रविवारच्या वाचनाला तो भाग निवडू नये, इतकंच.

आता तुम्ही नव्या वाऱ्याचे असाल तर. क्यूआर कोड छापा आणि दारातल्या फळ्यावर, जिथे कोणाचं लक्ष नसतं, तिथे चिकटवून टाका. पुन्हा त्याच्याकडे बघू नका. त्यावर कोणी स्वतःचा कोड डकवला तरी दान कुठेतरी पोचतंच. पैसे पाठवताना पडद्यावर कोणतं नाव दिसायला हवं, हे मंडळीला सांगून ठेवलं तर लोक ते पडताळत बसतील. म्हणून सांगू नका. खातं खजिनदाराच्या स्वतःच्या नावावर असेल तर फारच उत्तम. पुढच्या निवडणुकीत त्याला बदलायची कोणाची छाती होणार नाही.

खरी कलाकुसर किमान मर्यादेत आहे. कार्डाने किंवा ॲपने आलेल्या देणगीतून बऱ्याचदा शुल्क कापलं जातं. काही टक्के, आणि अनेकदा त्यावर दर व्यवहारामागे एक ठरावीक रक्कम. मोठ्या देणगीला ते कळतही नाही, बारक्या देणगीचा मात्र लचका तुटतो. समंजस माणूस म्हणेल, बारकं दान थैलीत टाकायची सोय ठेवा, किंवा चार रविवारांचं एकदम पाठवायला सांगा. तुम्ही समंजसपणा करू नका. थैली बंद करा आणि ॲपवर किमान रक्कम लावा. मार्काच्या १२ व्या अध्यायातली ती गरीब विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक किमतीची दोन नाणी, घेऊन आली, तर तिला लाल अक्षरांत कळलं पाहिजे: “रक्कम अवैध. कृपया पुन्हा प्रयत्न करा.” येशू त्या वेळी भांडारासमोर बसून लोक पैसे कसे टाकतात ते पाहत होता. आज बसला तर त्याला नुसत्या खाली झुकलेल्या माना दिसतील. प्रार्थना चालू आहे की ओटीपीची वाट पाहणं, हे त्यालाच ठाऊक.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला सांगितलं होतं की दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या कमाईच्या मानाने काही बाजूला काढून ठेवावं. तुम्ही त्याच्याही पुढे जा. “दरमहा कापून घ्या” या चौकटीत बरोबरची खूण आधीच करून ठेवा. ती काढायची असेल तर कार्यालयात यावं, तीन जणांसमोर कारण सांगावं, अर्ज द्यावा. देव संतोषाने देणाऱ्यावर प्रीती करतो, हे त्या अर्जाच्या माथ्यावर छापायला विसरू नका.

ज्येष्ठांची चिंता नको. आजींना ॲप शिकवायला एक हुशार मुलगा नेमा. तो शिकवणार नाही, स्वतःच करून देईल. महिन्याभरात त्याला आजींचा पिन आजींपेक्षा पाठ झालेला असेल.

घरून पैसे पाठवून आलेल्या सभासदाची गंमत वेगळी. थैली समोर येते, तो ती तशीच पुढे सरकवतो आणि शेजारचा त्याच्याकडे अशा नजरेने बघतो, की प्रवचनाची गरज उरत नाही. काही मंडळ्या अशांसाठी “मी ऑनलाइन दिलं आहे” असं छापलेलं पुठ्ठ्याचं कार्ड ठेवतात. ते थैलीत टाकलं की झालं. इतक्या स्वस्त उपायाने एवढी मोठी करमणूक बुडवायची? उजव्या हाताने काय दिलं ते डाव्याला कळू नये, हे वचन पाकिटाच्या काळातलं. आता कोणी, कधी, किती दिलं याची नावानिशी यादी आपोआप तयार होते. पावतीसाठी ती एकादोघांनी पाहिली तरी पुरतं, पण असा ऐवज कुलपात ठेवणं म्हणजे देणगीचा अपमान. कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. नाताळात पहिल्या बाकावर कोण बसणार, हा प्रश्नही त्यातच सुटेल.

मध्येच कोणीतरी चर्च ऑफ इंग्लंडचं काढेल. २०१८ मध्ये त्यांनी आपल्या १६,००० हून अधिक चर्चसाठी कार्ड यंत्रांची सोय केली, तबकंही मोडीत काढली नाहीत. २०२० मध्ये चर्चची दारं बंद झाली तेव्हा फक्त थैलीवर चालणाऱ्यांचं काय झालं, तेही काढतील. अशा वेळी उठून समारोपाची प्रार्थना सुरू करा. प्रार्थनेत कोणी मुद्दे मांडत नाही.

राहिला हिशेब. थैलीतलं किती, खात्यातलं किती, छपरावर किती गेलं आणि गरजूंना किती, हे एका कागदावर लिहून फळ्यावर लावायला अर्धा तास पुरतो. म्हणून तर ते टाळायचं. तरीही वार्षिक सभेत एखादा उभा राहून विचारेलच. त्याच्यावर चिडू नका, त्याच सभेत त्याला खजिनदार करा. पुढच्या वर्षी विचारणारा दुसरा कोणीतरी असेल.